पाच रुपयांचा फ्रॉक

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की मराठी घरांतल्या माळ्यावरचे सामान खाली उतरते. पितळेचे डबे, मागच्या वर्षीचा आकाशकंदील, काडी मोडलेली छत्री आणि या सगळ्याच्या मागे, अगदी कोपऱ्यात, एक जुनी सूटकेस. तिच्यात मुलांचे लहान झालेले कपडे असतात. खरे तर कपडे लहान होत नाहीत, मुले मोठी होतात. पण आपण म्हणतो मात्र तसेच. घरातली बाई ती सूटकेस उघडते, एखादे झबले नाकाशी नेते, कुंचीचे गोंडे सारखे करते आणि सूटकेस पुन्हा माळ्यावर जाते. पुढच्या दिवाळीला पुन्हा तोच खेळ.

कधीतरी मात्र निर्णय घ्यावाच लागतो. मग वाटा तीन. पहिली वाट नात्यातली. धाकट्या जावेला किंवा भाचीला कपडे द्यायचे. दुसरी बोहारणीची. चार फ्रॉक आणि दोन पँटी देऊन एक स्टीलची वाटी घ्यायची. तिसरी वाट 'कुणा गरिबाला' देऊन टाकण्याची. या तिसऱ्या वाटेवर पुण्यही मिळते आणि कपाटही रिकामे होते, म्हणून ती सर्वांना आवडते. मला ती आवडत नाही. त्याचे कारण आजवर मी फारसे कुणाला सांगितलेले नाही.

माझे बालपण लालबागच्या चाळीत गेले. वडील गिरणीत साचाखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, हे आता इतिहासात नोंदले गेले आहे. पण तेव्हा चाळीत प्रत्येकजण 'पुढच्या महिन्यात मिटेल' असेच म्हणत होता. गणपती गेले, दिवाळी गेली. माझी आई दादरला एका घरी पोळ्या करायला जाऊ लागली. त्या घरातली मुलगी माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात होती.

डिसेंबरात शाळेचे स्नेहसंमेलन होते. त्या दिवशी गणवेश नको, रंगीत कपडे घालून या, असे बाईंनी सांगितले होते. माझ्याकडे रंगीत असे काही उरलेले नव्हते. आईने त्या घरून एक गुलाबी फ्रॉक आणला. छातीवर स्मोकिंग केलेला, मागे बांधायचे बंद. वडिलांनी कापड दोन बोटांत धरून पाहिले आणि म्हणाले, "पॉपलीन आहे. चांगलं आहे." अठरा वर्षे कापड विणलेल्या माणसाचे ते बोलणे. त्याहून अधिक ते काही बोलले नाहीत.

शाळेच्या पायऱ्यांवरच त्या मुलीने मला पाहिले. तिचा चेहरा खुलला. "अगं, हा माझा फ्रॉक! बाहीला शाईचा डाग आहे बघ!" असे म्हणून तिने माझा हात वर करून सगळ्यांना डाग दाखवलासुद्धा. तिच्या मनात काडीचेही वाईट नव्हते. हरवलेली वस्तू सापडावी तसा तिला आनंद झाला होता. मी दिवसभर उजवा हात अंगाशी घट्ट धरून बसले. नाच होता, त्यात दोन्ही हात वर करायचे होते. मी नाचले नाही.

घरी येऊन फ्रॉक काढून ठेवला आणि रडले. आई म्हणाली, "कापडाला कुणाचं नाव नसतं गो बाय." वडील खिडकीशी पाठ करून उभे होते. पुढच्या आठवड्यात बोहारीण आली तेव्हा आईने तो फ्रॉक आणि स्वतःचे एक विटके लुगडे दिले आणि चहाची गाळणी घेतली. ती गाळणी पुढे कित्येक वर्षे आमच्या घरात होती.

दुसरी आठवण १९९३ ची. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लालबागचे मांडव अजून सोडलेही नव्हते. त्याच मांडवांत मदतीचे कपडे जमू लागले. आम्ही पोरी ते निवडायला बसलो. लोकांनी भरभरून दिले, हे खरेच. पण त्या ढिगात काय नव्हते? बटणे तुटलेले शर्ट, चेन नसलेल्या पँटी, न धुतलेले लंगोट, एका पायातला मोजा, लग्नातली टिकल्यांची ओढणी. आमच्या शेजारच्या काकी म्हणाल्या, "यांचं घर पडलंय, डोकं नाही." निम्मा ढीग आम्हीच बाजूला काढला.

हे काही एकट्या मुंबईचे नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत मदतीचे कपडे रस्त्याच्या कडेला पडून राहिले होते. 'गूंज' या संस्थेने ते गोळा करून निवडून पुन्हा उपयोगात आणले. दिल्लीत १९९९ साली ही संस्था सुरू करणाऱ्या अंशू गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांची एक गोष्ट मला फार पटते. गावकऱ्यांनी आपल्या गावासाठी विहीर खणावी, रस्ता दुरुस्त करावा आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घ्यावेत, अशी त्यांची पद्धत. कपडा तोच, पण तो कमावलेला असतो.

लग्नानंतर मी गिरगावात आले आणि पुढे आम्ही दादरला राहायला गेलो. २००८ साली आमच्या इमारतीतल्या सात-आठ जणींनी ठरवले की दिवाळीआधी परळच्या रुग्णालयांत उपचारासाठी येणाऱ्या मुलांकरिता काहीतरी करायचे. परळ आम्हाला पायाखालचे. के. ई. एम. १९२६ चे, मुलांचे वाडिया रुग्णालय १९२९ चे, टाटा स्मारक रुग्णालय १९४१ चे. टाटाच्या बाहेरच्या पदपथावर गाठोडी, स्टोव्ह आणि वाळत घातलेले कपडे घेऊन बसलेली कुटुंबे ज्याने पाहिली नाहीत असा परळकर सापडायचा नाही. बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल, आसाम, शिवाय आपला विदर्भ आणि मराठवाडा. दोन दिवसांत तपासणी होईल म्हणून एका पिशवीनिशी निघालेली माणसे सहा-सहा महिने मुंबईत अडकतात.

लहान मुलांच्या कर्करोगाची एक बाजू आपल्याला सहसा ठाऊक नसते. रक्ताच्या कर्करोगासारखे मुलांचे काही कर्करोग पूर्ण उपचार मिळाले तर बरे होण्याची शक्यता पुष्कळ असते. पण हे उपचार दोन-अडीच वर्षेही चालतात. औषधाची सोय कुठून तरी होते. राहायला जागा, दोन वेळचे जेवण आणि परतीचे तिकीट यांसाठी घरातली बैलजोडी विकली जाते आणि एके दिवशी बाप म्हणतो, चला, गावी जाऊ. उपचार अर्धवट राहतात. म्हणूनच परळची नाना पालकर स्मृती समिती किंवा दादरची गाडगे महाराज धर्मशाळा यांसारख्या संस्था जे काम करतात ते डॉक्टरांच्या कामाइतकेच मोलाचे आहे. आम्ही पैसे जमवणार होतो ते अशाच निवाऱ्याच्या कामासाठी.

पैसे उभे करायचे कसे, यावर कुणी फराळ विकू म्हणाले, कुणी पणत्या रंगवू. मी म्हटले, आपल्या माळ्यावरच्या सूटकेसा विकू. आधी सगळ्या हसल्या, मग पटले.

पहिली विक्री सपशेल आपटली. सोसायटीच्या हॉलमध्ये टेबले मांडली, शंभराच्या आसपास किमती लावल्या. चांगले दीडशे कपडे होते. दिवसभरात अकरा विकले गेले, त्यातले सहा आम्ही एकमेकींचे घेतले. जमले ३४० रुपये. चहावर त्याहून जास्त खर्च झाला.

असे का व्हावे? इंग्लंडमध्ये ही गोष्ट सर्रास चालते. महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, ग्रीसमधल्या उपासमारीसाठी ऑक्सफर्डमध्ये एक समिती स्थापन झाली, तीच पुढे ऑक्सफॅम म्हणून प्रसिद्ध झाली. लोकांनी दिलेल्या वस्तू विकण्यासाठी तिने युद्धानंतर लगेच दुकान काढले. आज तिथली सुखवस्तू बाईसुद्धा अशा दुकानातून मुलाचा कोट उघडपणे घेते. आपल्याकडे जुने कपडे वापरण्याची प्रथा नाही म्हणावे, तर तेही खरे नाही. बाळाला पहिले कापड नवे घालू नये, असे माझ्या सासूबाई सांगत. आजीच्या मऊ लुगड्याची दुपटी, थोरल्याचे झबले. ज्या घरी मुले जगत नसत त्या घरची बाई धडधाकट वाढलेल्या मुलाचे अंगडे मागून आणी. म्हणजे जुन्या कपड्यात आपण आशीर्वाद मानत आलो. पण तो ओळखीच्या घरातला. अनोळखी माणसाचा उतरलेला कपडा म्हटला की आपल्याला विटाळ आठवतो आणि शेजारीण बघते आहे हे आठवते. हॉलमध्ये आलेल्या बायका कपडे चाळत होत्या, 'कामवालीसाठी बघतेय' म्हणत होत्या आणि जात होत्या.

उरलेले गाठोडे पाहून आमच्याकडे येणारी बोहारीण हसली. वाघरी समाजातली, गुजराती वळणाची मराठी बोलणारी. तिची आईही याच धंद्यात. "ताई, तुमी धंदा नाय केला, प्रदर्शन केला," ती म्हणाली. मग जमिनीवर बसून तिने आम्हाला शिकवले. कपडा उजेडासमोर धरायचा. विरलेले लगेच दिसते. काख, कॉलर आणि पँटीची बैठक आधी पाहायची. इलॅस्टिक ओढून सोडायचे. बटण लावून, चेन बदलून, इस्त्री करूनच माल मांडायचा. बोहारणीने नेलेले आपले कपडे पुढे कुठे जातात, याचा मी तोवर विचारच केला नव्हता. ते धुतले जातात, रफू होतात, पहाटेच्या बाजारात विकले जातात आणि कुणीतरी कष्टाचे पैसे मोजून ते घेते. अगदीच फाटलेल्या लोकरी कपड्यांचा पानिपतला पुन्हा धागा होतो आणि त्याची घोंगडी निघतात. आपण ज्याला अडगळ म्हणतो, त्यावर किती चुली पेटतात!

दुसरे शिक्षण वडिलांनी दिले. ते अजून लालबागच्याच खोलीत राहत होते. सगळी हकीकत ऐकून म्हणाले, "दान कसलं? माल आहे माल. मालासारखा मांडा. आणि जिथं गिऱ्हाईक आहे तिथं जा की."

म्हणून २००९ च्या दिवाळीआधी आम्ही लालबागला, चाळीच्या चौकात टेबले मांडली. वडील स्टुलावर बसून प्रत्येक कपडा दोन बोटांत धरत आणि टेबल सांगत. हे पाचाचे, हे दहाचे, हे विसाचे. नियम मोजकेच केले. कपडा कुणाच्या घरून आला ते कुणी बोलायचे नाही. फुकट काही नाही, पण घासाघीस चालेल. घालून बघायला मोकळीक. फोटो काढायचा नाही. विकत घेणाऱ्याला पिशवी द्यायची, मग ती वर्तमानपत्राच्या कागदाची का असेना.

सकाळी नऊला सुरुवात केली, साडेबाराला टेबले रिकामी. ४,२१५ रुपये जमले. विसाच्या टेबलावरची, लग्नात एकदाच घातलेली मुलांची शेरवानी घेण्यासाठी दोघींची वादावादी झाली, तेव्हा मला कोण आनंद झाला! कुणाची कीव येऊन कोणी वादावादी करत नाही. माल आवडला म्हणून करतात.

आमच्यातल्याच एकीने मात्र त्या दिवशी मला खोचून विचारले, "गरिबांकडून पैसे घेऊन गरिबांना द्यायचे, यात आपण काय केलं?" प्रश्न बरोबर होता. तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. उत्तर पुढच्या जूनमध्ये मिळाले. शाळा उघडण्याआधीही विक्री करायची असे आम्ही ठरवले होते, कारण रेनकोट, दप्तरे आणि गणवेश यांना तेव्हाच भाव असतो. स्वेटर मात्र मुंबईत कोण घेणार म्हणून मी ते खालीच ठेवले होते.

दुपारी एक बाई सहा-सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाच्या तोंडाला पट्टी, डोक्यावर टोपी, चेहरा सुजलेला. ती मूळची बिहारची, धर्मशाळेत राहणारी. औषधाने मुलाचे अंग सुजले होते, आणलेले कपडे होत नव्हते आणि पुढून बटणे असलेला सुती शर्ट तिला हवा होता, कारण छातीला सुईची नळी लावलेली. डोक्यावरून ओढायचे कपडे चालत नव्हते. आमच्यातली एक लगबगीने एक पिवळा शर्ट घेऊन पुढे झाली आणि म्हणाली, "ये ले लो, पैसा मत दो." बाईने शर्ट उलटसुलट पाहिला आणि परत दिला. "पीला इसको पसंद नहीं." मग तिने ढीग उपसला. पंधरा मिनिटे. मुलाने निळ्या चौकड्यांच्या शर्टवर बोट ठेवले. किंमत दहा रुपये. तिने पदराची गाठ सोडली आणि म्हणाली, "पाँच में दोगी?" मी म्हटले, "सात." ती सातला तयार झाली. खाली ठेवलेले स्वेटर दिसले तेव्हा तिने आणखी दोन घेतले. गावी थंडी असते. शर्ट घरी नेऊन गरम पाण्यात उकळूनच मुलाला घालीन, असेही तिने मला बजावून सांगितले, जणू मीच नवशिकी होते.

त्या पिवळ्या शर्टाने मला उत्तर दिले. फुकट दिलेल्या कपड्याला 'आवडला नाही' म्हणता येत नाही. सात रुपये मोजणाऱ्याला म्हणता येते. रुग्णालयात त्या बाईच्या हातात काहीच नव्हते. कोणते औषध, कधी, किती, सगळे दुसरे ठरवणार. मुलाला पिवळा नको, निळा हवा, एवढे तिने स्वतः ठरवले. पैसे आम्ही घेतले ते याचसाठी. ते पुढे तिच्यासारखीच्याच निवाऱ्यासाठी गेले, हा त्यातला दुसरा भाग.

दादरच्या धर्मशाळेला ज्यांचे नाव आहे ते गाडगेबाबा स्वतः चिंध्यांची गोधडी पांघरून हिंडत. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत, चिंधेबुवा म्हणत. उघड्याला वस्त्र द्यावे ही त्यांची शिकवण. पण गावात गेले की हा माणूस आधी खराटा घेऊन रस्ता झाडी आणि मगच भाकरी घेई. हातातले काम आणि पानातली भाकरी यांचा हिशेब त्यांनी कधी चुकू दिला नाही. आम्ही काही त्यांच्या वाटेवरचे नव्हेत. पण तो हिशेब समजून घेण्याचा प्रयत्न करतो, इतकेच.

आता शेवटची गोष्ट. २०१० च्या गणपतीत मी आणि माझी मुलगी लालबागला दर्शनाच्या रांगेत उभ्या होतो. ती तेव्हा अकरा वर्षांची. आमच्या पुढे एक पाच वर्षांची पोरगी आईचा हात धरून उड्या मारत होती. अंगात हिरव्या खणाचे परकर-पोलके. परकराची खालची दुमड मीच घातलेली, हिरवा दोरा संपला म्हणून शेवटचे चार टाके काळ्या दोऱ्याचे. आदल्या दिवाळीत ते आमच्या दहाच्या टेबलावर होते. मुलीनेही ते ओळखले. तिचा चेहरा खुलला, बोट वर आले, "आई, हा तर माझा..."

मी तिचा हात इतका जोरात दाबला की ती कळवळली. पुढची पोरगी वळून आमच्याकडे पाहून हसली आणि पुन्हा उड्या मारू लागली.

रात्री घरी आल्यावर मुलीला मी १९८२ ची गोष्ट सांगितली. शाळेच्या पायऱ्या, शाईचा डाग, नाच, गाळणी. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "तो गुलाबी फ्रॉक पुढे कोणी घातला गं?"

"काय माहीत," मी म्हटले. "जिच्यासाठी कुणी तो विकत घेतला असेल, तिचाच तो."

वडील २०१६ साली गेले. कापड दोन बोटांत धरून टेबल सांगण्याचे काम आता मुलगी करते. तिला ते माझ्यापेक्षा चांगले जमते. करोनाच्या दोन वर्षांत खंड पडला, तेवढा सोडला तर विक्री चालू आहे. पाचाचे वीस झाले आहेत. कपड्यावर नाव मात्र अजूनही कुणाचे लावत नाही.